लाइट गेली की गॅरेजचं दार कोण उघडणार?

या महिन्यात अमेरिकेतल्या वाचकांची तीन पत्रं आलीत आणि तिन्ही गॅरेजच्या दाराबद्दल आहेत. तिन्ही घरांची परिस्थिती वेगळी आहे, त्यामुळे उत्तरंही वेगळी आहेत, म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो आणि हे तीन जरा सविस्तर.

प्रश्न: आम्ही एल डोराडो हिल्सला, म्हणजे सॅक्रामेंटोच्या जवळ राहतो. घर २००४ सालचं आहे आणि गॅरेजचा ओपनर, म्हणजे दार उघड-बंद करणारं मोटरचं मशीन, बहुतेक घराबरोबरचाच. दाराचा खालचा पॅनल चेपलाय म्हणून पूर्ण दारच बदलायचं ठरवलं, तर दारवाला म्हणतो की ओपनरपण बदलावा लागेल, बॅटरी बॅकअपवाला, कारण तसा कायदा आहे. हे खरं आहे की तो माल खपवतोय? मिस्टर म्हणतात लाइट गेली तर लाल दोरी ओढायची, दार हाताने उघडतं, बॅटरीची गरजच काय. पण आमच्याकडे सासू-सासरे दरवर्षी पाच-सहा महिने असतात आणि फॉलमध्ये वारा सुटला की आमची वीज कंपनी पीजी अँड ई वणव्याच्या भीतीने लाइट घालवते ते वेगळंच. काय करावं?

उत्तर: दारवाला खरं सांगतोय. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून घरासाठी जो कुठला गॅरेज ओपनर विकला जातो किंवा बसवला जातो त्याला बॅटरी बॅकअप असलाच पाहिजे, एसबी ९६९ नावाचा कायदा आहे, आणि त्याच कायद्यात असंही आहे की नवीन दार बसवताना ते बॅटरी नसलेल्या जुन्या ओपनरला जोडायचं नाही. प्रत्येक ओपनरमागे १००० डॉलर दंड आहे, त्यामुळे कोणी नीट काम करणारा कॉन्ट्रॅक्टर तुमचं नवं दार जुन्या मशीनला लावून देणार नाही, आणि कोणी तयार झालाच तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका. जुनं दार आणि जुना ओपनर आहे तसाच वापरत राहिलात तर मात्र कायद्याची काही हरकत नाही, कोणी घरी येऊन तपासत नाही. तुम्ही दार बदलताय म्हणून हा प्रश्न आला.

पण कायदा आहे म्हणून घ्या एवढंच सांगून मी थांबणार नाही, कारण हा कायदा का आला ते तुमच्यासारख्या डोंगराच्या कडेला राहणाऱ्या प्रत्येक घराला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. ८ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री कॅलिस्टोगाजवळ टब्स फायर लागली, वारा भयंकर होता आणि काही तासांत वणवा सांता रोझा शहरात शिरला, १०१ हायवे ओलांडून पलीकडच्या कॉफी पार्कमध्ये गेला, जिथे डोंगर नाही जंगल नाही, साधी सरळ रांगेतली घरं. त्या एका आगीत २२ माणसं गेली. रात्रीची वेळ, लोक झोपेतून उठलेले, ठिकठिकाणी लाइट गेलेली, बाहेर धूर, आणि गाडी गॅरेजमध्ये, ज्याचं दार बटण दाबून उघडत नाहीये. त्यानंतर नापाचे स्टेट सिनेटर बिल डॉड यांनी हे बिल आणलं, त्या वेळी हे पुढे आलं की त्या वणव्यांमध्ये किमान पाच जणांच्या मृत्यूत गॅरेजचं दार न उघडणं हे एक कारण होतं. २०१८ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी सही केली. म्हणजे हा नियम दारवाल्यांच्या सोयीसाठी झालेला नाही, माणसं गेल्यावर झालाय.

आता तुमच्या मिस्टरांचं म्हणणं. ते चूक नाहीये. लाल दोरी ओढली की मोटरची ट्रॉली, म्हणजे दार ओढणारा सरकता भाग, दारापासून सुटते, खट् असा आवाज येतो, आणि मग दार मोकळं होतं, हाताने वर करता येतं. दोन गाड्यांचं दार १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच असतं, वजन साधारण दीडशे ते अडीचशे पाउंड, म्हणजे ७० ते ११० किलो. एवढं वजन आपण उचलूच शकलो नसतो, ते उचलते दारावरची स्प्रिंग. मोटर फक्त ढकलायचं-ओढायचं काम करते, भार सगळा स्प्रिंगवर. म्हणून स्प्रिंग चांगली असेल तर दहा-बारा वर्षांचं मूलही दार वर करेल आणि स्प्रिंग थकलेली असेल तर मिस्टरांच्याही हाताने ते हलणार नाही.

हे घरीच तपासता येतं. दार पूर्ण बंद असताना लाल दोरी ओढा, आणि बंद असतानाच, हे फार महत्त्वाचं आहे, उघड्या दाराची दोरी कधी ओढू नका, स्प्रिंग तुटलेली असेल तर दार धाडकन खाली येतं आणि खाली कोण उभं आहे ते बघत नाही. मग हाताने दार कमरेपर्यंत वर करा आणि हळूच हात काढा. जागच्या जागी राहिलं तर स्प्रिंग ठीक आहे. खाली घसरायला लागलं तर स्प्रिंग कमजोर झालीय, माणूस बोलवा, स्वतः स्प्रिंगला हात लावू नका, तिच्यात एवढा ताण असतो की चांगले अनुभवी लोकही जखमी होतात. साधी स्प्रिंग सहसा १०,००० वेळा उघड-बंद होण्यासाठी बनवलेली असते, दिवसातून चार वेळा दार उघडत असाल तर हिशोब करा, सात वर्षंही पूर्ण होत नाहीत. तुमचं घर २००४ चं, मधे स्प्रिंग बदलली नसेल तर नव्या दाराबरोबर नवीन येईलच, येत नसेल तर मागून घ्या.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे बॅटरी ही हाताची जागा घेते, स्प्रिंगची नाही. स्प्रिंग तुटली तर बॅटरी असून उपयोग नाही, मोटर ओढायचा प्रयत्न करून थांबेल. म्हणून बॅटरी घ्यायची की नाही हे ठरवताना आधी विचारायचं की ज्या वेळी लाइट जाईल त्या वेळी घरात कोण असेल, आणि त्या माणसाला अंधारात ती दोरी ओढून दार वर करता येईल का.

तुमच्याकडे ते माणूस म्हणजे सासूबाई असू शकतात. जरा डोळ्यासमोर आणा. लाल दोरीची मूठ जमिनीपासून जास्तीत जास्त ६ फुटांवर असावी असा नियम आहे, पण गॅरेजमध्ये गाडी उभी असते आणि दोरी बरोबर बॉनेटच्या नाहीतर टपाच्या वर लोंबते. म्हणजे गाडीच्या कडेने सरकत जायचं, अंधार आहे, एका हातात टॉर्च, दुसरा हात वर करून गाडीवरून वाकायचं, दोरी जोरात ओढायची, मग दाराशी येऊन कमरेत वाकून खालची कड धरायची आणि वर न्यायची. गुडघे दुखणाऱ्या किंवा खांद्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला हे एरवीही जमत नाही, घाबरलेल्या अवस्थेत तर नाहीच. मिस्टर घरी असतील तर दोरी पुरे. ते ऑफिसात असतील, प्रवासात असतील, आणि तुम्ही एकट्या लहान मुलं नि दोन वयस्कर माणसांना गाडीत बसवताय, तर बटण दाबल्यावर दार वर गेलं पाहिजे, तेवढा एक मिनिट वाचला पाहिजे. म्हणून तुमच्या बाबतीत माझं उत्तर स्पष्ट आहे, घ्या, आणि कायदा नसता तरी घ्या म्हटलं असतं. दाराच्या खर्चापुढे ओपनरचा खर्च तसाही लहान आहे.

घेतल्यावर बॅटरीकडून काय अपेक्षा ठेवायची तेही सांगतो. बऱ्याच ओपनरमध्ये छोटी १२ व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते, आपल्याकडच्या इन्व्हर्टरसारखं तिच्यात पाणी घालावं लागत नाही. नवी बॅटरी पूर्ण चार्ज व्हायला साधारण एक दिवस लागतो. लाइट गेल्यावर पहिल्या २४ तासांत दार वीसेक वेळा उघड-बंद होईल असं कंपन्या सांगतात, पण ते नव्या बॅटरीचं. दार एरवीपेक्षा हळू चालतं, त्याने घाबरू नका. बऱ्याच मॉडेलमध्ये बॅटरीवर असताना ओपनरचा दिवा लागत नाही, वायफाय बंद असतं, म्हणजे फोनवरच्या ॲपने दार उघडणार नाही. भिंतीवरचं बटण आणि गाडीतला रिमोट चालतो. तेव्हा घरातून गॅरेजमध्ये जायच्या दाराजवळ खिळ्याला एक टॉर्च टांगून ठेवा, आणि तो कोणी दुसऱ्या कामाला नेऊ नये एवढं बघा.

आणि पीजी अँड ईची शटऑफ असेल तर फक्त बॅटरीच्या भरवशावर राहू नका. वाऱ्यामुळे घालवलेली लाइट वारा थांबला तरी लगेच येत नाही, सगळ्या लायनी तपासल्याशिवाय ते चालू करत नाहीत, ऑक्टोबर २०१९ मध्ये कितीतरी घरांना काही दिवस लाइट नव्हती. एवढे दिवस छोटी बॅटरी धरत नाही. पण या शटऑफची सूचना सहसा एक-दोन दिवस आधी येते, तर सूचना आली की गाडी रात्री बाहेर ड्राइव्हवेवर लावायची, तोंड रस्त्याकडे करून, पेट्रोल भरून, इलेक्ट्रिक असेल तर चार्ज करून. याला एक पैसा लागत नाही आणि कुठल्याही बॅटरीपेक्षा हे जास्त भरवशाचं आहे. बॅटरी ही अचानक जाणाऱ्या लाइटसाठी.

सासू-सासरे आले की पहिल्याच आठवड्यात, जेट लॅग उतरला की, त्यांना गॅरेजमध्ये नेऊन ओपनरचा प्लग काढा आणि त्यांच्याच हाताने बटण दाबायला लावा. दार हळू वर जातं, बीप वाजतो, हे एकदा बघितलेलं असलं की ऐन वेळी गोंधळ होत नाही. सासऱ्यांना जमत असेल तर दोरीही दाखवा.

प्रश्न: मी साताऱ्याची, मुलाकडे टेक्ससला फ्रिस्को इथे आलेय. मुलगा आणि सून सकाळी ऑफिसला जातात, नात शाळेत, दिवसभर मी एकटीच. मागच्या आठवड्यात गॅरेजमधून सारखा बीप बीप आवाज यायला लागला, दोन-दोन सेकंदांनी, थांबेचना. मला वाटलं गॅस लीक झाला की काय, मी चप्पल घालून बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले. मुलगा आल्यावर त्याने भिंतीवरचं कसलं तरी बटण दाबलं आणि आवाज बंद झाला, म्हणाला काही नाही आई, ते दाराच्या बॅटरीचं आहे. मला अजून कळलेलं नाही. परत वाजलं तर काय करू? आणि लाइट गेली तर मला ते एवढं मोठं दार उघडता येईल का? या घरात पुढच्या दाराची किल्ली कोणी वापरतच नाही, सगळे गॅरेजमधूनच येतात-जातात.

उत्तर: काकू, आवाज कसला ते कळत नसताना तुम्ही बाहेर जाऊन उभ्या राहिलात ते अगदी बरोबर केलंत, पुढेही तसंच करा.

आता तो आवाज. तुमच्या मुलाच्या ओपनरला बॅटरी आहे. दर दोन सेकंदांनी वाजणारा बीप म्हणजे बहुतेक मशीनमध्ये असं सांगणं असतं की मला लाइट मिळत नाहीये, मी बॅटरीवर चाललोय. तुम्ही म्हणाल घरात तर लाइट होती. होती, पण अमेरिकेत गॅरेजमध्ये जे प्लग असतात त्यात एक सुरक्षेचं बटण असतं, प्लगच्या मधोमध दोन छोटी बटणं, एक टेस्टचं आणि एक रिसेटचं. ओल किंवा कुठे बारीक करंट गळतोय असं वाटलं की तो प्लग स्वतःच बंद होतो, आणि त्या एका प्लगवर गॅरेजचे बाकीचे प्लगपण असू शकतात. तुमच्या मुलाने तेच रिसेटचं बटण दाबलं असणार. त्याला सांगा, एकदा तुमच्यासमोर दाबून दाखव. पुन्हा वाजलं आणि गॅरेज कोरडं असेल तर एकदा रिसेट दाबून बघायला हरकत नाही, लगेच परत बंद पडलं तर मात्र दाबत राहू नका, मुलगा येईपर्यंत वाजू दे.

अर्ध्या अर्ध्या मिनिटाने एकदा बीप होत असेल तर बॅटरी उतरलीय किंवा संपलीय. त्यात घाईचं काही नाही. पण एक आवाज मात्र नीट लक्षात ठेवा, तो गॅरेजच्या दाराचा नसतो. चार बीप लागोपाठ, मग थोडं थांबून पुन्हा चार, असं वाजलं तर तो कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, या वायूला वास नसतो, लगेच घराबाहेर जायचं आणि ९११ ला फोन करायचा. तीन तीन बीप म्हणजे धुराचा अलार्म, तेव्हाही बाहेर. मराठीत एका कागदावर लिहून फ्रिजवर लावून ठेवा.

लाइट गेली तर ते मोठं दार तुम्ही उघडायच्या फंदात पडू नका. भिंतीवरचं बटण दाबून बघायचं, उघडलं तर उघडलं. लाल दोरीला हात लावायचा नाही. तुम्हाला गाडी चालवायची नाहीये, तुम्हाला फक्त बाहेर पडायचं आहे किंवा परत आत यायचं आहे, आणि त्यासाठी घराला पुढचं दार आहे. म्हणून तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त काळजीचं वाक्य वाटलं ते शेवटचं, की किल्ली कोणी वापरत नाही.

हे मी तुमच्या मुलासाठी लिहितोय, त्याला वाचून दाखवा. डॅलसच्या आसपासच्या कितीतरी घरांत गॅरेज हेच खरं मुख्य दार झालंय, प्लेनोसारख्या ठिकाणी तर बऱ्याच घरांचं गॅरेज मागच्या गल्लीत उघडतं आणि पुढचं दार फक्त पाहुण्यांसाठी. आई संध्याकाळी चालायला बाहेर गेली, मागे लाइट गेली, बाहेरच्या कीपॅडवर नंबर दाबला आणि बॅटरी तीन वर्षांपूर्वीची असल्यामुळे दार हललंच नाही, तर ती उन्हात नाहीतर थंडीत बाहेर उभी राहणार. पुढच्या दाराची किल्ली आईच्या पर्समध्ये असली पाहिजे, एक शेजाऱ्यांकडे, आणि पुढच्या दाराला इलेक्ट्रॉनिक कुलूप असेल तर त्याचे सेल बदलत राहायला हवेत. फेब्रुवारी २०२१ च्या त्या थंडीत टेक्ससमध्ये ४५ लाखांवर घरांची आणि दुकानं-ऑफिसांची लाइट गेली होती, कुठे कुठे दिवसचे दिवस, तेव्हा इथे लाइट जात नाही असं धरून चालू नका.

बॅटरी किती जुनी आहे तेही बघा. ती साधारण एक ते तीन वर्षं टिकते, टेक्ससच्या उन्हाळ्यात बंद गॅरेज जे तापतं त्याने आयुष्य कमीच होतं, आणि कडाक्याच्या थंडीत चांगली बॅटरीसुद्धा कमी ताकद देते. घड्याळं पुढे-मागे करायची तारीख वर्षातून दोनदा येते, त्या दिवशी ओपनरचा प्लग काढून दार एकदा वर, एकदा खाली करून बघायचं. दार गेलं तर ठीक, नाही गेलं तर बॅटरी बदलायची. ती बदलणं सोपं आहे, झाकण उघडून दोन वायरी, पण त्याआधी ओपनरचा प्लग काढायचा. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकायची नाही, तिच्यात शिसं असतं, गाड्यांचे पार्ट विकणारी दुकानं घेतात.

आणखी एक, लाइट गेली आणि घर गार पडलं तर ऊब घ्यायला गॅरेजमध्ये गाडी चालू करून कोणी बसायचं नाही, दार उघडं असलं तरी नाही, आणि जनरेटर असेल तर तोही गॅरेजमध्ये लावायचा नाही, बाहेर, खिडक्या-दारांपासून लांब. त्याच २०२१ च्या थंडीत टेक्ससमध्ये असं करून लोक कार्बन मोनॉक्साइडने दगावलेत.

प्रश्न: न्यू जर्सीत एडिसनला राहतो, टाउनहाउस आहे, एका गाडीचं गॅरेज. ओपनर पंधरा-सोळा वर्षं जुना, चेनवाला, मस्त चालतो. घरी कॉम्प्युटरचा यूपीएस पडून आहे, तो ओपनरला जोडला तर बॅटरी बॅकअप होईल ना? आणि चोर बाहेरून तार घालून लाल दोरी ओढतात असा व्हिडिओ बघितला म्हणून मी दोरीचा लॅच (खटका) झिप टायने, म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीने, बांधून टाकलाय, ते ठीक आहे ना?

उत्तर: यूपीएस जोडू नका. तुमचा जुना चेनवाला बहुधा एसी मोटरचा असणार, अशी मोटर सुरू होताना काही क्षण एरवीच्या कितीतरी पट करंट ओढते, कॉम्प्युटरचा यूपीएस ओव्हरलोड दाखवून बंद पडेल, किंवा दार अर्ध्यावर नेऊन बंद पडेल, जे जास्त वाईट. शिवाय कित्येक स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे घरातल्या लाइटसारखी वीज, देत नाहीत, मोटरला ते मानवत नाही. जुन्या एसी ओपनरला बाहेरून बॅटरी लावायची सोय सहसा नसते, ज्या ओपनरमध्ये डीसी मोटर असते आणि बॅटरीसाठी जागा दिलेली असते त्यालाच नंतर बॅटरी बसवता येते. मशीनवरचा मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकात बघा, पाच मिनिटांचं काम आहे. घराला मोठी सोलरची बॅटरी असती तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही गॅरेजचं सर्किट बॅकअपवर घेतलंय का ते इलेक्ट्रिशियनला विचारावं लागतं, बऱ्याचदा घेतलेलं नसतं.

तुम्हाला बॅटरीवाला नवीन ओपनर घ्यायलाच हवा का, तर माझ्या मते नाही. न्यू जर्सीत तुमच्यावर तशी सक्ती नाही, एका गाडीचं दार हलकं असतं, टाउनहाउसला पुढचं दार आहेच, आणि वणव्यातून पाच मिनिटांत गाडी काढायची वेळ एडिसनला येत नाही. २०१२ च्या सँडीसारखं वादळ आलं तरी त्याची खबर आधी मिळते, गाडी बाहेर काढून ठेवता येते. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला दार हाताने उघडता येत असेल तर ओपनर स्वतःहून मरेपर्यंत चालवा, आणि जेव्हा बदलाल तेव्हा बॅटरीवाला घ्या. घरात कोणी दार उचलू न शकणारं असेल, किंवा कोणाला डायलिसिससारखं ठरल्या वेळी जावंच लागत असेल, तर मात्र वाट बघू नका.

झिप टाय आजच कापा. ती बांधल्यावर लाल दोरी असून नसल्यासारखी झाली, आणि तुमच्याकडे तर बॅटरीही नाही, म्हणजे लाइट गेल्यावर आतून दार उघडायचा एकमेव मार्ग तुम्ही बंद केलाय. काही जण सांगतात की बारीक झिप टाय जोरात ओढली की तुटते, पण ती कोणाच्या हाताने तुटेल, तुमच्या की तुमच्या आईच्या, ते ऐन वेळी कळणार. चोराची भीती असेल तर ट्रॉलीच्या पुढे बसवायची छोटी प्लास्टिकची ढाल मिळते, तार आत आली तरी लॅचपर्यंत पोचत नाही आणि आतून दोरी मोकळी राहते. गावाला जाताना ओपनरचा प्लग काढा आणि दाराला आतून सरकवायची कडी असेल ती लावा, फक्त परत आल्यावर कडी काढल्याशिवाय बटण दाबू नका, मोटर ओढत राहील आणि दाराचा वरचा पॅनल वाकेल. लाइट नसताना दोरी ओढून दार हाताने उघडलंत तर परत बंद केल्यावरही ही कडी लावायला विसरू नका, कारण ट्रॉली सुटलेली असताना ते दार बाहेरूनही कोणीही वर उचलू शकतं.